आहेराच्या पाकिटातले बारा शब्द

एकदा एक फार शहाणी बाई होती. म्हणजे, तसं तिचंच मत होतं. नाव वृंदा. लेकीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी तिने पाच वर्षं क्रिप्टोत पैसे साठवले. ते पैसे फोनमधल्या ज्या डिजिटल वॉलेटमध्ये होते, ते उघडणारे बारा शब्द कागदावर लिहिले, कागद आहेराच्या पाकिटात घातला आणि पाकीट साड्यांखाली सारलं.

मग तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा बंद झाला. आता पैसे परत मिळायचे ते त्या बारा शब्दांवरच. बँकेसारखा अर्ज घ्यायला तिथे कुणी नसतं.

शाळेतले तिचे गणिताचे सर म्हातारपणी कॉम्प्युटर शिकवायचे. तिची अडचण ऐकून ते म्हणाले, "कागद घेऊन ये." वृंदा नवा फोन घेऊन गेली, वाकून नमस्कार केला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

सरांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. काडेपेटी शोधली. मग पाकीट बाहेर काढून ताटलीत ठेवलं आणि पेटवलं.

कागद काळा पडत गेला, चिकटवलेला रुपया टणकन ताटलीत पडला. लेकीला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "दुसरी प्रत नाही हो."

"का नाही?"

"साड्यांखालून कोण नेणार, म्हटलं."

"वाळवी नेईल. नाहीतर तूच घाईघाईत एखाद्या लग्नात देऊन येशील."

सरांनी ड्रॉवर उघडून तिचं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. "हे तुझं. जळलं ते माझं, रिकामं. रुपया गार झाला की परत घेईन."

वृंदाने पाकीट झटकन उचललं.

"दुसरी चूक याहून मोठी," सर म्हणाले. "मी मागितलं आणि तू दिलंस. कशाला हवं, हेही विचारलं नाहीस."

"तुम्हाला कसं विचारणार? तुम्ही सर."

"लुबाडणाराही असाच कुणीतरी मोठा होऊन येतो गं. हे शब्द ज्याच्या हातात, पैसे त्याचे. मान द्यायला नमस्कार पुरतो. शब्द कुणालाच द्यायचे नाहीत, मलाही नाही. आणि कागद दोन कर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. फोनमध्ये फोटो नको."

वृंदाने डोळे पुसले, पाकीट उघडलं आणि नवा फोन हातात घेतला. पहिलं अक्षर दाबणार, तोच ती थांबली.

"सर, जरा भिंतीकडे तोंड करून बसता?"

आयुष्यभर पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारे सर गालात हसले आणि खुर्ची फिरवून बसले.