बडबडा भाट आणि केरबाचा चौरंग

एका राज्यात एक विपरीत रीत होती. माल करणाऱ्याने बाजारात तोंड उघडायचे नाही. मालाची महती गायची ती दरबारी भाटाने. सुताराने खाट केली, की भाट उभा राहणार, लाकडाचे कुळ सांगणार, रंध्याची स्तुती गाणार, राजाचा जयजयकार करणार. घेणारा बिचारा ताटकळणार. अहो, त्याला पाठ टेकायची आहे! लाकडाच्या कुळाशी त्याला काय सोयरीक जुळवायची आहे? पण विचारतो कोण! लोक माना डोलवत आणि रिकाम्या हाताने घरी जात.

त्या भाटाचे नाव कीर्तिभूषण. एके दिवशी त्याच्यापुढे भद्राक्ष मांत्रिक आला. केरबा सुताराने केलेल्या दाराला हात लावून म्हणाला, "माझ्या झोपडीत कोल्हे शिरतात. या दाराने अडतील का?"

हो की नाही, एवढेच सांगायचे होते. पण कीर्तिभूषणाने सागाच्या पिढ्यान् पिढ्या उकरून काढल्या. दिवस कलला. मांत्रिक कंटाळून परतला, तर कोल्ह्यांनी त्याची शेळी नेलेली. संतापाने त्याने बाजाराच्या दिशेला मूठभर राख फुंकली, आणि ते दार करणाऱ्या केरबाची पावले बाजारात उभ्या जागीच दगडाची झाली.

अपराध भाटाचा आणि शिक्षा सुताराला! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

दगड वर चढू लागला. गुडघे गेले, कंबर गेली. तेव्हा केरबाची बायको हौसा तडक मांत्रिकाच्या झोपडीत शिरली.

"शाप काढ," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने तुझे काय वाईट केले?"

मांत्रिकाने मान खाली घातली. "रागात सुटला. आता मलाही मागे घेता येत नाही."

आढ्यावर त्याची साळुंकी बसली होती. ती बोलली, "उपाय मी सांगते. केरबाच्या हातच्या तीन वस्तू वीक. एक गवळणीला, एक नावाड्याला, एक राजाला. मालाचे कौतुक करायचे नाही, खोटे बोलायचे नाही. घेणाऱ्याचे काय भले होईल, तेवढेच सांगायचे. दगड डोळ्यांपर्यंत पोचला, तर मग उपाय नाही."

हौसाने रवी, वल्हे आणि उंच पायांचा चौरंग पाठीला बांधला आणि निघाली. साळुंकी खांद्यावर बसली.

गवळण मनगट दाबत बसली होती. हौसाने विचारले, "काय झाले ग?"

"घुसळून घुसळून हात भरून आला. लोणी काही येईना."

"या रवीने लवकर येईल. हात मोकळा होईल, लेकराला जवळ घेशील."

गवळणीने रवी घेतली. तिकडे केरबाच्या छातीशी दगड थबकला.

हौसा हरखली. नदीवर नावाडी दिसताच जन्मभर ऐकलेले भाटाचे बोल तिच्या तोंडी आले. "पाहा हे वल्हे! अस्सल शिसवी, राजमान्य—"

"दगड ओठांवर चढला!" साळुंकी किंचाळली.

"जळो मेली ही जीभ!" हौसाने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग तिने नावाड्याकडे नीट पाहिले. "दादा, हात असे का झालेत?"

"वल्हे टोचते. तळवे सोलवटतात. भाकरीसुद्धा मोडवत नाही."

"याने सोलवटणार नाहीत. सुखाने जेवाल."

नावाड्याने वल्हे घेतले. राहिला राजा.

दरबारात कीर्तिभूषण आडवा आला. "माल करणाऱ्याच्या माणसाने बोलायचे नाही! जीभ छाटण्याची रीत आहे!"

"खुशाल छाट," हौसा कडाडली, "पण आधी बोलू दे! तिकडे माझा नवरा दगड होतोय, आणि तुला रीत सुचते?"

इतक्यात राजा उठू लागला, आणि सगळ्या दरबाराने मान खाली घातली. राजा उठताना पाहायचे नाही, असा शिरस्ता होता. हौसाने पाहिले. सिंहासन ठेंगणे, गाद्या मऊ, गुडघे थकलेले. दोन सेवकांनी काखेत हात घालून राजाला उचलले.

हौसाने चौरंग पुढे ठेवला. "महाराज, यावर बसलात तर उठताना कुणाचा हात लागणार नाही."

"राजद्रोह!" भाट ओरडला. राजाचा चेहरा लाल झाला. तो चौरंगावर बसला. मग मांड्यांवर हात टेकून एकटाच उभा राहिला. पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"इतकी वर्षे माझे गुणगान गाता," तो गरजला, "आणि माझे गुडघे कुणालाच दिसले नाहीत? चौरंग मी घेतला. आणि आजपासून या राज्यात माल ज्याचा, तोच बोलेल. तेही घेणाऱ्याला विचारून!"

साळुंकीने शीळ घातली. राजा आपल्या पायांनी बाजारात आला, तेव्हा केरबाच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळत होता. डोळे हलले, ओठ सुटले. हौसाने त्याला घट्ट धरले आणि मोठ्याने रडू लागली.

कीर्तिभूषणाने लगेच हात उंचावला. "धन्य तो केरबा, धन्य त्याचे कुळ—"

"गप!" राजा म्हणाला. "त्याला काय हवे ते विचार."

भाट अडखळला. असे त्याने जन्मात कुणाला विचारले नव्हते. "केरबा... तुला काय हवे?"

"पाणी," केरबा म्हणाला.

कीर्तिभूषण घागर घेऊन स्वतः विहिरीकडे धावला. केरबाला जसे पाणी मिळाले, तसे ज्याला जे हवे ते त्याला मिळो, आणि मध्ये कुणी भाट न येवो.