करवंदगडाच्या दरवाज्यावरचं नाव

करवंदगडाचे नायक साध्या प्यादेपणातून गडाचे धनी झाले आणि तिसऱ्या पिढीत सुलतानाच्या फौजेच्या सात महिन्यांच्या वेढ्यात सारं गमावून बसले. घराण्यात उरली एकटी सून, सगुणाऊ.

गड जिंकल्याबद्दल सुलतानाकडून मिळालेली मानाची वस्त्रं मिरवत नवा सुभेदार भर दरबारात म्हणाला, "बाई, दरवाज्यावरचं तुमच्या घराण्याचं नाव आजच छिन्नीनं उडवतो. इथं कुणी नायक होते, हे कुणाला कळताच कामा नये!"

सगुणाऊ ठाम आवाजात म्हणाली, "खुशाल उडवा, सुभेदारसाहेब. फक्त ही वस्त्रं कुणाला हरवून मिळवलीत, ते लोकांना काय सांगणार?"

दरबार खाली बघून हसला. सुभेदारानं पाथरवटाला गुपचूप माघारी धाडलं.

गड उतरताना सगुणाऊनं दरवाज्यावरच्या घराण्याच्या नावावरून एकदा हात फिरवला आणि ती ताठ मानेनं चालू लागली.