एका दमाची ओवी

“पण बुवा, मग अण्णांचं नाव पोथीत आलंच कसं?”

भानुबुवांनी घेवड्याच्या शेंगेचा दोर ओढला, शेंग मोडून टोपल्यात टाकली आणि दुसरी हातात घेतली.

“आलं का? बघू.”

मकरंदने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर अक्षरांच्या रांगाच रांगा. मधली काही अक्षरं तांबडी केलेली.

“हे बघा. एक अक्षर घ्यायचं, एकेचाळीस सोडायची. पुन्हा एक घ्यायचं, पुन्हा एकेचाळीस सोडायची. असं गेलं की ‘दत्तोबा’ येतं. आणि तिथूनच खाली उतरलं की येतं, ‘कापू नको’.”

बुवांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

“तांबडं छान दिसतंय,” ते म्हणाले.

…

वारणेच्या काठचा हा मठ अगदी लहान. एक खोली, एक ओसरी, दारात पारिजातक. मठ ज्यांनी बांधला त्या महाराजांनी एक पोथी लिहून ठेवली आहे, साध्या मराठी ओव्यांची, आणि मठाची इस्टेट म्हणाल तर तेवढीच. इथे ना अंगारा मिळतो, ना गंडा. आलेल्या माणसाला भानुबुवांच्या हातचा आमटी-भात मात्र मिळतो.

रिवाजही एकच. एक ओवी एका दमात वाचायची. मधे श्वास घ्यायचा नाही. ज्याचा दम पुरला नाही, त्याने पोथी शेजारच्याच्या हातात द्यायची आणि राहिलेली ओवी त्याने पुरी करायची. हे असं का, ते मठात कुणी विचारत नाही.

मकरंद कारदगे पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर मठात यायचा, आमटी ओरपायचा. हुशार मुलगा. अडचण एवढीच की आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलं होतं.

त्याचे वडील दत्तोबा, सगळ्यांचे अण्णा, आत्ता ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मठाच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले होते. हृदयाची झडप खराब झाली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उद्या सकाळी ऑपरेशनची वेळ राखून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर पुढची वेळ कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं, आणि तोवर अण्णा टिकतील का तेही डॉक्टर सांगत नव्हते.

मकरंद नकार कळवणार होता. फक्त त्याआधी बुवांच्या तोंडून एकदा ‘बरोबर आहे’ ऐकायचं होतं त्याला.

“एकेचाळीसच का?” बुवांनी विचारलं.

“म्हणजे?”

“अक्षरं एकेचाळीसच का सोडलीस? चाळीस का न्हाई?”

“चाळीसला काही लागलं नाही.”

“एकोणचाळीसला?”

मकरंद जरा हसला. “बुवा, कॉम्प्युटर सगळं तपासतो. दोनपासून सुरू करून हजारापर्यंत. जिथे अर्थ लागतो तिथे तो थांबतो.”

“आन् बाकी कुठं काहीच गावलं न्हाई?”

“गावलं की. एकोणतीसला ‘आंबा’ आलं.”

“मग?”

“मग काय, सोडून दिलं.”

“का रे? महाराजांना आंबा आवडत नसंल?”

ओसरीवर अण्णा हसले. हसता हसता खोकला आला, तसे थांबले.

“त्याचा आपल्याशी संबंध नव्हता,” मकरंद म्हणाला. आवाज थोडा तापला होता.

“व्हय,” बुवा म्हणाले. “ते खरं.”

…

शेंगा निम्म्या झाल्या होत्या. टोपल्याशेजारी दोरांचा ढीग साठला होता.

“हे मांडताना काने-मात्रे धरलेस?”

“नाही. ते काढून टाकावे लागतात. नुसती मूळ अक्षरं घ्यायची, आणि शब्द लागला की ते परत लावायचे.”

“मग महाराजांनी ते घातले कशाला? हात दुखंस्तोवर?”

“वरचा अर्थ सगळ्यांसाठी असतो, बुवा. आतला अर्थ ज्याला शोधता येतो त्याच्यासाठी.”

असं बोलताना माणसाची मान आपोआप थोडी ताठ होते. मकरंदचीही झाली.

बुवांनी मान डोलावली. पारिजातकाखाली एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे पाहत ते म्हणाले, “तुझ्याजवळची पोथी छापील का?”

“हो. इथलीच. मठाने छापलेली.”

“छापताना प्रेसवाल्यानं दोन ओव्या गाळल्या. एक दोनदा छापली. आम्ही भांडलो त्याच्याशी, पर पुस्तकं बांधून झाली हुती.”

अक्षरं मोजणाऱ्या माणसाला याहून वाईट बातमी नसते. दोन ओव्या परत जागेवर आल्या तर एकेचाळीस सोडून येणारं अक्षर कुठल्या कुठे जातं. मकरंदचा हात कळफलकावर गेला, तिथेच थांबला. पण हुशार माणूस फार वेळ अडकून पडत नाही.

“महाराजांना ते आधीच ठाऊक असणार,” तो म्हणाला. “प्रेसवाला काय गाळणार, ते धरूनच त्यांनी लिहिलं असणार.”

बुवांनी आणखी एक शेंग मोडली. ज्या माणसाला प्रत्येक भिंतीत नवं दार सापडतं, त्याला अडवणार तरी कसं?

…

“मकरंद.”

“हं?”

“तू हे शोधायला बसलास, ते कवा?”

“डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्या रात्री.”

“त्याआधी कधी पोथी हातात घेतली हुतीस?”

मकरंदने लॅपटॉपचा पडदा थोडा कलता केला, पुन्हा सरळ केला.

“आईच्या ऑपरेशनच्या वेळेला मीच सही केली होती,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. ती आत जाताना मला म्हणाली, येताना माझी शाल आण. मी शाल घेऊन बाहेर बसलो होतो, बुवा. तसाच बसलेलो असताना त्यांनी येऊन सांगितलं, ती गेली.”

…

“त्या वेळी,” मकरंद म्हणाला, “मी पोथी बघितली नव्हती. या वेळी बघितली. आणि या वेळी तिने सांगितलंय. आता मी कसा सही करू?”

त्याची ताठ झालेली मान आता खाली गेली होती. त्याचं वय या क्षणी पंचेचाळीस वाटत नव्हतं, फार तर दहा.

ओसरीवरून अण्णांचा आवाज आला. “बुवा, त्याच्यावर रागावू नका. तो म्हणंल तसं करू. माझं काय, झालं की आता सगळं.”

“मी कुठं रागावलो?” बुवा म्हणाले.

त्यांनी टोपलं बाजूला सारलं. धोतराला हात पुसले. उठून आत गेले आणि मठाची हातानं लिहिलेली पोथी घेऊन आले. रुमालाची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. बोटांना शेंगांचा हिरवा डाग होता, तो पानाला लागू नये म्हणून त्यांनी बोटं पुन्हा पुसली.

“तुझं ते ‘कापू नको’ कुठल्या पानावर येतंय?”

मकरंदने पडद्यावर पाहिलं आणि अध्याय सांगितला. बुवांनी पानं उलटली, ते पान काढलं.

“हितं काय लिहिलंय?”

“तेच सांगतोय ना. ‘कापू नको’.”

“ते खाली दडलेलं. वर काय लिहिलंय?”

मकरंद पानाकडे वाकला. त्याने त्या पानातलं प्रत्येक अक्षर टिपलं होतं. ओवी वाचली नव्हती.

“अण्णा,” बुवांनी हाक मारली. “जरा हिकडं सरकता का? ही एक ओवी म्हणा. तुमच्या तोंडनं ऐकून लई दिवस झाले.”

…

अण्णा सरकत आले. एके काळी या मठात अण्णांसारखा वाचणारा नव्हता. ते वाचायला बसले की नदीपलीकडच्या शेतात माणसं नांगर थांबवायची. दोन-दोन ओव्या ते एका दमात घ्यायचे आणि वर हसून शेजारच्याकडे बघायचे. त्यांच्या हातातून पोथी काढून घ्यायची वेळ कधी कुणावर आली नव्हती.

मकरंदला लहानपणचं ते आठवत होतं. त्यानंतर वडिलांचं वाचन त्याने ऐकलं नव्हतं. पुण्याहून फोन करायचा तेव्हा ‘कसे आहात’ विचारायचा, अण्णा ‘बरा आहे’ म्हणायचे.

अण्णांनी पोथीला कपाळ लावलं. डोळे मिटून छाती भरून घेतली आणि सुरू केलं.

“भुकेल्या अन्न द्यावे वेळी…”

आवाज तोच होता. बारीक झाला होता, पण वळण तेच.

“तान्हेल्या पाणी…”

आवाज तुटला.

अण्णांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. गळ्याच्या शिरा वर आल्या, खांदे उचलले गेले, एक हात जमिनीवर टेकला. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मकरंद अर्धवट उठला. बुवांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“थांब. येईल त्यांचा श्वास.”

…

श्वास आला. अण्णांनी मान वर केली. चेहऱ्यावर घाम होता, आणि त्याहून जास्त लाज. त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. रिवाज त्यांना ठाऊक होता.

दोन्ही हातांनी पोथी उचलून त्यांनी शेजारी धरली.

शेजारी मकरंद होता.

त्याने पोथी घेतली. वडिलांचं बोट जिथे थांबलं होतं, ती जागा त्याने शोधली. पुढे वाचायला लागला, लहान मुलासारखा, एकेका शब्दावर बोट ठेवून.

“त्याच काळी. दुखणाईत ज्याचे जवळी, तेथे देव बैसला.”

ओवी संपली. बुवांनी हात जोडले. अण्णांनीही जोडले, मग पुन्हा भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. श्वास अजून जागेवर आला नव्हता.

मकरंदने पोथी मांडीवर ठेवली. समोर लॅपटॉपवर तांबडी अक्षरं तशीच होती. तो एकदा तिकडे पाहत होता, एकदा पानाकडे.

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता. उन्हं पारिजातकाच्या बुंध्यापर्यंत उतरली होती.

“बुवा,” तो म्हणाला, “पण ती अक्षरं… ती बरोबर एकेचाळीस-एकेचाळीस सोडूनच येतात. मी पुन्हा पुन्हा मोजलीत.”

बुवांनी टोपलं पुढे ओढलं आणि एक शेंग उचलली.

“तुझे वडील कितव्या अक्षराला थांबले, ते मोजलंस का?”