एकोणिसावा प्रश्न

आमच्या तालुक्यातल्या निवासी शाळेत पहाटे चारला अभ्यासाचा तास भरायचा. मुलं पुस्तकावर डोकं टेकून पेंगायची. आम्रपाली गजभारे ही एम.एड.ची विद्यार्थिनी 'झोप, अभ्यास आणि मुलांचं समाधान' यावर संशोधन करायला तिथं आली, तेव्हा मुख्याध्यापक बोरुडे सरांनी अट घातली. मुलांनी प्रश्नावलीवर नाव लिहायचं आणि ती वर्गशिक्षकांसमोर भरायची. आता नाव लिहून 'नाही' म्हणायची छाती कोणाची?

पण पोरगी मोठी हुशार. तिनं वाद घातला नाही, फक्त शेवटी एक प्रश्न वाढवला. सरांनी न वाचताच सही ठोकली.

महिन्याभरानं संस्थेच्या सभेत सर ऐटीत म्हणाले, "दोनशे दहा मुलं, आणि एकूणएक म्हणतात, पहाटेचा तास आवडतो! आता तो कायमचा करा. काय हो मॅडम, खरं ना?"

"अगदी खरं, सर. एकोणिसाव्या प्रश्नालाही सगळ्यांचं 'हो' आहे. 'शाळेच्या पोहण्याच्या तलावात मला मजा येते.'"

सभेत हशा पिकला. त्या शाळेला प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं.

सर तडकले. "कार्टी न वाचताच खुणा करतात!"

"मग तासाच्या प्रश्नावरही तशाच केल्या असतील," आम्रपाली शांतपणे म्हणाली. "आणि वाचून केल्या असतील, तर उद्या पहाटे चारला त्यांना तलावावर न्या. मीही येते."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत पहिल्यांदाच सगळी मुलं उजाडेपर्यंत झोपली.