दाढीवाल्याने निवडलेला ब्रश

एका तालुक्याच्या गावी एकदा एक चाळिशीतला गृहस्थ दाढीच्या ब्रशापाशी अडला. हसू नका. माणसं याहून क्षुल्लक गोष्टींपाशी अडतात आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकतात.

हा गृहस्थ एकटा होता. लग्न झालं नव्हतं, आई लहानपणीच गेली होती. घरात तो आणि त्याचे वडील अशी दोनच माणसं. कोणतीही वस्तू घ्यायची तर तो आधी वडिलांना विचारी. मग ती बादली असो नाहीतर पंखा. वडील वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणत, "घे, चालेल." त्यांनी प्रश्न पुरता ऐकलेला नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तेवढं कानावर पडलं की तो निर्धास्तपणे दुकानात जाई.

मागच्या वर्षी वडील वारले. तेव्हापासून त्याने घरात एकही नवी वस्तू आणली नव्हती. चपलेचा अंगठा तुटला, तो त्याने दोऱ्याने बांधला. मग दाढीचं विजेवर चालणारं यंत्र बंद पडलं, आणि ते काही दोऱ्याने बांधता येईना. साबण-ब्रश घेऊन दाढी करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता शिकावं म्हणून त्याने ब्रशांचा अभ्यास आरंभला. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त, पण सुरुवातीला टोचतो. कृत्रिम तंतूंचा लवकर वाळतो. मूठ केवढी असावी, झुपका केवढा असावा, सगळं तोंडपाठ झालं. महिने गेले. ब्रश काही आला नाही आणि दाढी मात्र सदऱ्याची कॉलर झाकू लागली.

त्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत. दर शनिवारी संध्याकाळी ते वाचनालयाच्या ओट्यावर बसून निरूपण करीत, आणि हा त्यांचा जुना शिष्य शेवटच्या रांगेत बसून ऐके. एका शनिवारी बाकीचे उठून गेले, तो बसूनच राहिला. घरी जाऊन करायचं काय, हा त्याचा रोजचाच प्रश्न होता.

"काय रे, वैराग्य आलं की काय?" गुरुजींनी त्याच्या दाढीकडे पाहत विचारलं.

"नाही गुरुजी. ब्रश ठरत नाहीये."

त्याने सगळी हकीकत सांगितली, वडिलांच्या 'घे, चालेल'सकट. गुरुजींनी ती शांतपणे ऐकून घेतली, काठी उचलली आणि त्याला घेऊन चौकातल्या कटलरीच्या दुकानात गेले.

आता गुरुजींची स्वतःची दाढी पोटापर्यंत रुळणारी. दुकानदार चक्रावलाच.

"गुरुजी, तुम्हाला ब्रश?"

"ह्याला हवाय. नवशिका आहे. साधे, परवडणारे असतील तेवढेच दाखवा. शोभेचे नकोत."

दुकानदाराने काचेवर चार-पाच ब्रश मांडले. शिष्य लगेच पुढे सरसावला आणि एकाचे केस बोटांनी उलटे करून पाहू लागला. गुरुजींनी त्याचा हात बाजूला केला. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले, हाताला लागला तो ब्रश उचलला आणि डोळे न उघडताच म्हणाले, "घे, चालेल."

शिष्याने तो ब्रश आणि दुकानदाराने सोबत दिलेला साबण-वस्तरा घेतला खरा, पण मनातून तो खट्टू झाला. एवढ्या अभ्यासाचं हेच फळ? परतीच्या वाटेवर त्याला राहवेना.

"गुरुजी, रागावू नका. तुम्ही जन्मात कधी दाढीचा ब्रश हातात धरलेला नाही. त्यातून हा डोळे मिटून उचललात. ही कसली निवड?"

"त्यातला वाईट कोणता होता?"

शिष्याने आठवून पाहिलं. "तसा वाईट कोणताच नव्हता. नवशिक्याला कोणताही पुरला असता."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

तो चालता चालता थांबला. "पहिल्या आठवड्यापासून," तो हळूच म्हणाला.

गुरुजी एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. "अरे, मला ब्रशातलं काय कळतंय! तुला कळतं तेवढं या गावात कोणालाच कळत नसेल. तुझं अडलं होतं ते 'घे' म्हणणाऱ्या माणसावाचून. पारखून घेऊ, पारखून घेऊ म्हणत आपण बसतो, आणि पुष्कळदा पारखायचं काही उरलेलंच नसतं. चुकलं तर ज्याच्यावर हक्काने चिडावं असं कोणीतरी हवं असतं, इतकंच. तुझे वडील तेवढं करीत होते. मी डोळे उघडून निवडला असता, तर गुरुजींना ब्रशातलं कळतं म्हणून तू नमस्कार करून घरी गेला असतास आणि पुन्हा एकटाच राहिला असतास. आता हा वाईट निघाला तर दोष माझा. सरळ ये आणि भांड."

त्यांनी काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "आणि खरं सांगू? मलाही आताशा कोणी काही विचारत नाही. येतात, पाया पडतात, जातात. तू ब्रश विचारलास, मला बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने कात्रीने दाढी उतरवली आणि आरशापुढे उभं राहून जन्मात पहिल्यांदा फेस केला. अर्धा फेस लावेलावेपर्यंत वाळला. हनुवटीला कापलं. ब्रशाचा एक केस सुटून गालाला चिकटला. सवयीने तो "बाबा" म्हणून मागे वळला. मागे कोणी नव्हतं. वर्षभर तो असाच वळत होता आणि प्रत्येक वेळी ते घर त्याला खायला उठत होतं. आज मात्र तो केस चिमटीत धरून तसाच बाहेर पडला.

गुरुजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"गुरुजी, तुम्ही दिलेला ब्रश केस गाळतो!" तो जवळजवळ ओरडलाच.

गुरुजींनी मान वर केली नाही. "चालेल," ते म्हणाले.

शिष्य पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. वडील गेले तेव्हा लोकांनी त्याला रड म्हणून सांगितलं होतं, त्या वेळी ते जमलं नव्हतं. गुरुजींनी त्याला अडवलं नाही. हुंदके ओसरल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"कानाखाली फेस राहिलाय रे. पूस."

शिष्याने कानाखाली पुसलं. वर्षभरात त्याला असं काही सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.