सातवी घंटा

“पण घंटा गेली कुठे?”

शुलमिथबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खोक्यात जवळजवळ नाकच घातलं.

शार्दूल मगदूमने दात आवळले. तीन आठवड्यांपूर्वी ह्याच बाई, ह्याच खुर्चीत बसून, ह्याच खोक्याकडे बघत म्हणाल्या होत्या, “मला तर घंटाच दिसते.” तेवढंच. चांगलं नाही, वाईट नाही. घंटा दिसते. जा घरी.

“तीच तर गंमत आहे बाई,” तो म्हणाला. “घंटा दिसतच नाही आता. झुंबर झालंय तिचं.”

“झुंबर दिसतंय की. मी घंटेचं विचारतेय.”

खोका म्हणजे बाहुलीचा दिवाणखाना. दीड फूट उंच, समोरून उघडा. आत सोफ्यावर एक फॅशनेबल बाहुली, कंबर बोटाएवढी, पाय जन्मापासून टाचा उचललेले. तिच्याभोवतीचं सगळं सणासुदीच्या सामानातून आलेलं. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापून पडदे. मखराची जाळी कापून खिडकी. पणतीत चिकटवलेलं प्लॅस्टिकचं झाड. आणि छताला, मधोमध, नाताळच्या माळेतली पत्र्याची घंटा.

ती घंटा बाईंनीच दिली होती. पहिल्या दिवशी ड्रॉवरमधून काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “हिचा दिवा कर.”

तीन महिन्यांत दिलेला धडा म्हणावा तर एवढाच. बाकी शिकवणं म्हणजे नुसतं नाही म्हणणं. मिरजेतल्या एका शाळेत तीस वर्षं हस्तकला शिकवलेली ही बाई. निवृत्त झाल्यावर बाहुल्यांच्या खोल्या करायला लागली. त्या बघायला लांबून लांबून माणसं येतात. येऊन, बघून, गप्प होऊन जातात. शार्दूलही तसाच गप्प झाला होता, म्हणून तर आला. आता त्याला वाटायचं, ही माणसं गप्प होत नसतील, कंटाळत असतील.

उद्या सांगलीत प्रदर्शन होतं. सकाळी दहाला टेम्पो येणार होता. बाईंनी हो म्हटलं, तरच त्याचा खोका त्यात चढणार. वडिलांनी घरात जाहीर करून टाकलेलं होतं, “प्रदर्शनात लागला तर बघू. नाहीतर जानेवारीत गुमान डिप्लोमा पुरा कर. वीस वर्षांचा घोडा बाहुल्यांची लग्नं लावत बसलाय.”

“बाई, एक काय ते सांगा,” शार्दूलचा आवाज चढला. “आधी म्हणालात घंटा दिसते. मी तिला तांबड्या रंगाचा फवारा मारला, खाली लेस लावली, आत बल्ब बसवला. माझ्या आईला ओळखू आली नाही. आता म्हणता घंटा कुठाय. दिसली पाहिजे की नाही दिसली पाहिजे?”

“ओरडू नकोस. ती दचकेल.”

“कोण?”

बाईंनी हनुवटीने बाहुलीकडे दाखवलं.

शार्दूल उठून उभा राहिला. जायलाच निघाला होता. पण खोका उचलायचा तर बाईंच्या खुर्चीला वळसा घालावा लागणार, आणि बाई तेवढ्यात स्वतःच उठल्या.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची स्वतःची खोली होती. ती सगळ्यांना गप्प करणारी. बाईंनी तिच्यासमोर मांडी ठोकली आणि आतलं सामान बाहेर काढायला लागल्या.

“हे काय करताय?”

“माळ लावायचीय दाराला. परवा नाताळ आहे, बाबा.”

त्यांनी काचेच्या टेबलाची वरची काच उचलली. खाली तीन पाय राहिले. ते तीन पाय म्हणजे तीन घंटा होत्या.

शार्दूल बघत राहिला.

फुलदाणी उलटी केली. घंटा. खुंटीवरची बाहुलीची टोपी काढली. घंटा. छतावरच्या दिव्याचा दोरा टाचणीवरून सोडवला. घंटा. तीन महिने तो हे टेबल, ही टोपी, ही फुलदाणी बघत होता. घरी जाऊन त्यांची चित्रं काढत होता. आणि सगळी एकाच माळेतली भावंडं होती हे त्याला कळलं नव्हतं. आता कळलं, आणि आता दुसरं काही दिसेना.

कुठेही गोंदाचा डाग नव्हता. दोरा, टाचणी, मेणाचा ठिपका. बस.

बाईंनी एकेक घंटा माळेच्या गाठीत अडकवली. प्रत्येक अडकवली की हलवून बघायच्या. किण. किण. किण... सहा झाल्या. सातवी गाठ रिकामी.

बाईंनी त्याच्यापुढे हात पसरला.

“काय?”

हात तसाच.

“बाई, ती... ती द्यायची होती परत?”

बाईंनी दुसऱ्या हाताने रिकामी गाठ दाखवली.

“मग सांगायचं की तसं! मला काय माहीत? तुम्ही म्हणालात दिवा कर, मी केला!”

म्हातारी माणसं सांगत नाहीत. तिथेच तर सगळी गोम आहे. कॉलेजातले सर सांगत नव्हते, वडील सांगत नाहीत, ही बाईही सांगत नाही. आपण चुकेपर्यंत शांत बसायचं, आणि चुकलो की हात पसरायचा. शार्दूलच्या डोक्यात हे सगळं उकळत होतं, आणि तो हात काही खाली जात नव्हता. त्याचाही त्याला राग आला.

“घ्या!” तो म्हणाला. “घ्या तुमची घंटा.”

त्याने खोक्यात हात घालून झुंबर ओढलं. झुंबर आलं नाही. गरम गोंदाची ग्लू गन त्याने सढळ हाताने चालवली होती. पुन्हा ओढलं. ह्या वेळी आलं, आणि वीतभर छत सोबत घेऊन आलं. पडदे लोंबले. बाहुली सोफ्यावरून तोंडावर पडली.

शार्दूलने लेस फाडली. बल्ब उपटला. पुठ्ठा नखांनी खरवडला. तांबडा रंग बोटांना लागला पण घंटेचा सुटला नाही. शेवटी हातात एक लालसर, ओरखडलेली, पोचे आलेली वस्तू राहिली. त्याने ती बाईंसारखी हलवून बघितली.

आवाज नाही.

त्याने आत बघितलं. आणि मग त्याला आठवलं. बल्बला जागा व्हावी म्हणून आतला लोलक त्याने पकडीने तोडला होता. कट्कन. घरच्या ओट्यावर, गाणी ऐकत. लोलक कचऱ्यात गेला असणार.

“बाई,” तो म्हणाला. आवाज बराच खाली आला होता. “ही वाजत नाही.”

“ते मघाशीच दिसलं मला.”

बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी मेथीवरून भांडत होतं. बाईंच्या मांडीवर सहा घंटांची माळ, आणि एका गाठीएवढी जागा.

“माझ्या आईने ओवलेली आहे,” बाई म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. “दरवर्षी सणापुरत्या घंटा खोलीतून काढते, दोराच तेवढा बदलते.”

शार्दूलने खाली बघितलं. बाहुली पालथी पडली होती, पाय वर. पायात गुलाबी सँडल, उंच टाचेच्या, नखाएवढ्या. त्या सँडल त्याने आपल्या हाताने केल्या होत्या, दोन दिवस आणि चार वेळा कापलेलं बोट खर्चून. अख्ख्या खोक्यात कुठल्याही सणाची नसलेली, फक्त त्याची अशी तीच एक गोष्ट होती.

त्याने उजव्या पायातली सँडल काढली. बाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, न विचारता. सँडलच्या पट्ट्यातून ओवला, घंटेच्या माथ्यावरच्या भोकातून वर काढला, गाठ मारली. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली.

हलवली.

टक.

“किण नाही झालं,” तो म्हणाला.

बाईंनी घंटा त्याच्या हातून घेतली. कानाशी धरून हलवली. टक, टक. सातव्या गाठीत अडकवली. मग माळ घेऊन उठल्या, गुडघ्यांवर हात देत, आणि दाराच्या चौकटीवरच्या दोन खिळ्यांना लावली. दार उघडून मिटून बघितलं. सहा जणी किणकिणल्या आणि एक टकटकली.

“ऐकू येतं आतपर्यंत,” बाई म्हणाल्या. “ठेव तो खोका दाराशी. दहाला टेम्पो येईल.”

“कुठला खोका?”

“तुझा.”

शार्दूलने खोक्याकडे बघितलं. छताला भगदाड. एक पडदा जमिनीवर. बाहुली त्याने उचलून सोफ्यावर बसवली, तर एक पाय अनवाणी, आणि तो अनवाणी पायही बावळटासारखा टाच वर करूनच राहिलेला.

“हा असा? चेष्टा करताय काय माझी? छत तुटकं, दिवा नाही, हिच्या पायात एकच सँडल. लोक विचारतील की बाई! काय सांगू मी लोकांना?”

बाई दारातच उभ्या होत्या. चष्मा डोळ्यांवर घेतला, खोली एकदा नीट बघितली.

“सांग, घरात सण आहे.”