ओटीतली माती

कोणे एके काळी, जेव्हा मुळांना बोलता येत असे आणि ते ऐकायला माणसांना सवड असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका खडकाळ माळावर एक गाव होतं. तिथला कुळीथ असा, की त्याचं पिठलं खाऊन पाहुणे पानावरून उठायलाच तयार नसत. गावाची एक रीत होती. लेक सासरी निघाली, की आई तिच्या ओटीत कुळथाचं बी घाली आणि त्यासोबत त्याच शेतातली मूठभर माती. माती कशाला, हे कुणी विचारत नसे.

अशीच एक लेक नदीपलीकडच्या गावी नांदायला गेली. तिच्या सासूला स्वच्छतेची भारी हौस. उंबरा इतका पुसायची, की मुंग्यांनीही आपली वाट बदलली होती. सुनेच्या ओटीतली माती पाहून तिने नाक मुरडलं आणि ती रानाच्या बांधापलीकडे झटकून टाकली. मातीबरोबर चार दाणेही गेले. उरलेलं बी तिने खळखळून धुतलं आणि रानात पेरलं.

कुळीथ उगवला खरा, पण पिवळा आणि मरतुकडा. सुनेच्या माहेरचं बियाणंच पोचट, असं सासू आळीभर सांगत सुटली. सगळं सोसवतं हो, पण माहेराला नावं ठेवलेली कुणाला सोसवतात? सून बिचारी मनातल्या मनात रडली.

एकदा दोघी रान बघायला गेल्या. पाहतात तर काय, बांधापलीकडे कुळथाचे वेल हिरवेगार, शेंगांनी लगडलेले. सासूने एक वेल उपटला. मुळांना बारीक बारीक गाठी होत्या. हा रोगच, असं म्हणत ती त्या खुडायला लागली.

तेवढ्यात गाठीतून आवाज आला, "आजी, जरा हळू. आम्ही राहतो इथं."

कोण रे तुम्ही, म्हणून सासूने दरडावलं.

"डोळ्यांना न दिसणारे जीव आम्ही, कुळथाचे बिऱ्हाडकरू. वेल आम्हाला गोड रस देतो, आम्ही हवेतलं खत धरून त्याला भरवतो. त्या मूठभर मातीतून आलो होतो. तुम्ही आम्हाला झटकलंत आणि तुमच्या रानातलं बी एकटं पडलं."

सासूचं तोंड एवढंसं झालं. सुनेने हसू पदराआड लपवलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, बियाणं चांगलंच होतं."

"चांगलंच होतं गं बाई. माझाच हात जरा जास्त चालला."

सासू मनाची मोकळी होती. जितक्या दारांत तिने सुनेच्या माहेराला नावं ठेवली होती, तितक्या दारांत जाऊन ती त्याचं कौतुक करून आली. पुढच्या पेरणीला तिने बांधापलीकडची माती स्वतःच्या पदरातून आणून रानभर पसरली. त्या वर्षी कुळीथ असा तरारला, की तिच्या घरचेही पाहुणे उठेनात.

पुढे सासूच्या स्वतःच्या लेकीचं लग्न झालं. ओटीतली माती पाहून लेकीने नाक मुरडलं. सासू म्हणाली, "झटकू नकोस, पोरी. सोबत आहे ती."

तात्पर्य : सोबतच धुऊन टाकली, तर चांगलं बियाणंही पिवळं पडतं.